ओठ हलवण्याचं खास काम

नाताळची सुट्टी तोंडावर आली की तिसरीच्या वर्गात अभ्यासाचं नुसतं नाव असतं. थंडीत अस्वलं कशी झोपतात, कागद दुमडून कात्रीने हिमकण कसे काढायचे, एवढं उरकलं की सगळी वरात गाण्याच्या खोलीत. मिनेसोटातल्या त्या गावात शाळेच्या कार्यक्रमाला सगळे लोटतात, बाहेर बर्फाने कितीही कहर केला तरी.

तिसरीतल्या टिल्डाला कार्यक्रमाची तिन्ही गाणी तोंडपाठ होती. आजोबांच्या ट्रकमध्ये बसून ती रोज घसा फोडून गायची. घरात दोघंच. आजोबा रस्त्यावरचा बर्फ काढणारी गाडी चालवायचे, आणि थट्टा भरपूर करत असले तरी खोटं बोलत नसत. टिल्डाचं पॅनकेक करपलं तर "कोळसा झालाय गं," असं तोंडावर सांगायचे. त्यामुळे ते छान म्हणाले की तिला ते खरं वाटायचं.

"आजोबा, मी कशी गाते?"

"कार्यक्रमात ऐकतो, मग सांगतो. कामाची पाळी बदलून घेतलीये, उगाच नाही."

आठवडाभर आधी गाण्याच्या ब्रँटबाईंनी टिल्डाला बाजूला घेतलं. "तुला एक खास काम देते हं. आवाज काढायचा नाही, नुसते ओठ हलवायचे. तुझे ओठ इतके छान हलतात, की बाजूची मुलं शब्द विसरणार नाहीत. पण हे आपलं दोघींचं गुपित!"

टिल्डाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग तिला आजोबा आठवले. तिने मनाशी ठरवलं, कार्यक्रम झाला की ते म्हणतील, "तुझा आवाज कुठे होता?" मग आपण गुपित फोडायचं. त्या दिवसापासून ती आरशासमोर ओठ हलवायला लागली.

कार्यक्रमाच्या दिवशी तिसरी-चौथी एकत्र पायऱ्यांवर उभी राहिली. टिल्डाशेजारी चौथीतली मार्गो होती. पहिलं गाणं संपलं तशी मार्गो कुजबुजली, "तुलाही खास काम?"

"तुला कसं कळलं?"

"ओठांवरून! मला गेल्या वर्षीही हेच होतं. अगं, बेसूर पोरांना देतात ते. आपण गायलो तर सगळ्यांची वाट लागते."

"खोटं!"

"मग विचार जा बाईंना."

टिल्डाने समोर पाहिलं. ब्रँटबाई तिच्याकडेच बघून गोड हसत होत्या आणि ओठ मोठे करून तिला खुणावत होत्या, हलव, हलव. बाईंनी सरळ सांगितलं असतं तर टिल्डा रडली असती आणि गप्प बसली असती. पण यांनी केसाने गळा कापला होता, वर शाबासकी देऊन. उरलेली दोन गाणी तिने ओठ घट्ट मिटून काढली. तिसऱ्या रांगेत आजोबा ताठ बसले होते. ते विचारतील, मग सगळं सांगायचं, या एकाच विचारावर तिने रडू आवरलं.

बाहेर बर्फ भुरभुरत होता. आजोबांनी तिची टोपी कानांवर ओढली.

"ऐकलंत?" टिल्डाने विचारलं.

"ऐकलं म्हणजे काय! एवढ्या पोरांत तुझा आवाज वेगळा कळत होता. घंटेसारखा."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. ते हसत होते, अगदी ब्रँटबाईंसारखं गोड. पॅनकेकला कोळसा म्हणणारा माणूस हाच का, असं तिला वाटलं.

"माझा?"

"तुझाच! डोळे मिटून ओळखला."

ट्रक सुरू झाला. काचेवरचा बर्फ पुसला गेला, आणि आजोबांनी नेहमीसारखा ताल धरला. "चला बाईसाहेब, ते शेवटचं परत होऊन जाऊ दे."

टिल्डाने समोर रस्त्याकडे बघत तोंड उघडलं आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत नुसते ओठ हलवले.