उतरवलेला झोपाळा

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाचा एक जुना झोपाळा आहे. रत्नागिरीजवळच्या एका वाडीत गंगाराम शाहिरांच्या पडवीत मी टांगलेला असतो. सुताराने मला घडवलं तेव्हा शाहिरांनी माझ्यावरून हात फिरवून म्हटलं होतं, "बैठक ब्येस झाली." ती स्तुती मी अजून जपून ठेवली आहे, कारण दुसरी कोणी केलीच नाही.

शाहीर गणपतीतल्या जाखडी नाचासाठी गाणी रचतात. सकाळचा चहा झाला की माझ्यावर बसायचं, पायाने जमीन रेटायची आणि गाणं जुळवायचं, हा त्यांचा नेम. माझ्या कड्या करकरत आणि त्यावर शब्द बसत. सुरुवातीची गाणी झकास होती. पुढे पुढे सगळी एकाच चालीवर येऊ लागली, माझ्या. मला ते कळत होतं, पण लाकडाचं कोण ऐकतो?

गेल्या वर्षी फजिती झाली. जाखडीच्या बारीत दोन गावांचे शाहीर समोरासमोर गातात. आमच्या शाहिरांनी नव्या गाण्याची पहिली ओळ म्हटली आणि पलीकडच्या शाहिराने दुसरी ओळ अंदाजाने स्वतःच म्हणून टाकली. लोक पोट धरून हसले. ते हसू मोबाईलवरून मुंबईतल्या वाडीकरांपर्यंत पोचलं.

"फुडच्या वर्सी असाच झाला, तर फेटा खुंटीला," शाहीर म्हणाले. विसर्जन झाल्यावर पुन्हा माझ्यावरच येऊन बसले. सवय ती सवय.

गणपतीत माणसांना जागा हवी, म्हणून मला दरवर्षी चतुर्थीच्या आधी उतरवतात. यंदा शाहिरांच्या पत्नीने, मालनवहिनींनी, आषाढ सरतानाच कड्या सोडल्या आणि मला भिंतीला टेकवलं.

"अगो, आताच कशाला काढलास?"

"तुमचा गाना हितनं उठतच नाय. गुरा घेऊन सड्यावर जावा."

शाहीर फुगले. पण पडवीत करमेना, म्हणून निघाले. वरच्या कातळाच्या सड्यावर पावसात शेवाळ धरतं. तिथे पाय एका ठेक्यात पडत नाही, असं शाहीरच सांगत. एक ढांग लांब, दोन आखूड, मध्येच डबकं. काही दिवसांनी ते गुणगुणत परतले आणि ती चाल मला ओळखता येईना. मला थोडं वाईट वाटलं.

यंदाची बारी आमच्याच अंगणात झाली. शाहिरांनी पहिली ओळ म्हटली. पलीकडच्या शाहिराने तोंड उघडलं, पण त्याचा ठेका चुकला आणि तो थांबला. मग दुसरी ओळ शाहिरांनी आपली आपण म्हटली. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. फेटा डोक्यावरच राहिला.

विसर्जनानंतर मला पुन्हा टांगलं. शाहीर बसले, काही नवं जुळवू लागले आणि चार झोक्यांत ते माझ्या चालीवर यायला लागलं. त्यांनी पाय टेकवून मला थांबवलं. मग काठी घेऊन उठले.

"मालन, गुरा सोड."

मित्रांनो, घरच्या झोपाळ्याच्या कड्यांना तेल घाला, झडीपासून लाकूड जपा, दमलात की खुशाल बसा. पण नवं काही सुचेनासं झालं, तर आम्हाला उतरवून भिंतीला टेकवा. आम्ही रागावणार नाही. आम्हाला पुढे-मागे होता येतं, सडा काही चढता येत नाही.