चकमधला अर्धा ओळंबा

मी एक जुना लेथ आहे. ऐकून लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो! पितळेचा किंवा लोखंडाचा तुकडा जबड्यात घट्ट धरून गरगर फिरवायचा आणि समोरच्याने हत्यार लावून त्याला आकार द्यायचा, हे माझं काम. माझ्या जबड्याला चक म्हणतात. आता त्यावर गंज चढलाय आणि माझं बोलणंही कुरकुरतं झालंय. तेवढं चालवून घ्या.

मी ओतशाळेत जन्मलो आणि उमेदीची वर्षं एका कारखान्यात राबलो. तिथे नवीन यंत्रं आली तशी माझी रवानगी मुलांच्या प्रशिक्षण केंद्रात झाली. म्हटलं, संपलं! पोरांच्या तावडीत माझी हाडं खिळखिळी होणार. पण मुलांनी मला जीव लावला. रोज तेलपाणी, रोज पुसणं. कारखान्यात कोणी माझी पाठ थोपटली नव्हती, इथे येता-जाता थोपटायचे.

आमच्या मास्तरांचा एक नियम होता. शिक्षण संपताना प्रत्येकाने पितळी ओळंबा करायचा. भिंत सरळ उभी आहे का, ते बघायला गवंडी दोरीला टोकदार वजन बांधून सोडतो ना, तोच. आणि ज्याने तुकडा चकमध्ये बसवला, त्यानेच तो पुरा करून काढायचा. मध्ये दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. कोणी तापाने पडलं, तर तुकडा तसाच राहायचा आणि मी गुमान वाट बघायचो. तोवर सगळे परत आले होते.

मग ती आली. सोळा सरून सतरावं लागलेलं, तोंडाची टकळी अखंड चालू. सगळे तिला बडबडीच म्हणत. माझ्याशीही बोलायची. "काय रे म्हाताऱ्या, आज कुरकुर नको हं." पण हात असा हलका, की पितळेचा कीस रेशमासारखा सुटायचा. मास्तर म्हणायचे, "ही पोरगी आपलं नाव काढणार." मलाही तसंच वाटायचं.

तिचा ओळंबा अर्धा झाला होता. टोक काढायचं बाकी होतं. त्या दिवशी तिचा मामा दारात उभा राहिला.

"कारखान्यात जागा निघालीय. शिकून तरी शेवटी कामच करायचं ना? मग आत्तापासून केलं तर काय बिघडलं?"

"अहो, थोडंच राहिलंय," मास्तर म्हणाले.

"जागा थांबत नसते, सर."

बडबडीने हातातलं फडकं खाली ठेवलं. मास्तरांचा स्वभाव भिडस्त. ते तिला एवढंच म्हणाले, "जा. ओळंबा तसाच ठेवतो. सवड झाली की ये."

त्यांनी शब्द पाळला. मला कोणाला हात लावू दिला नाही. नवी मुलं दुसऱ्या लेथवर शिकली आणि मी अर्धा ओळंबा तोंडात धरून बसलो. मास्तर रोज तो फडक्याने पुसायचे. "येईल, येईल," म्हणायचे. पितळ चकाकत राहिलं, मी गंजत गेलो. माझ्या मनात यायचं, अहो, पितळ काय पुसताय? तिच्या घरी जा ना! पण माझं कोण ऐकतो?

मास्तर निवृत्त व्हायला आले, तेव्हा एकदाची ती आली. उजवा हात खिशात. मास्तरांना कोण आनंद झाला! "ये गं, तुझा ओळंबा राहिलाय. चल, चालू कर."

तिने हात बाहेर काढला. अंगठ्याशेजारची दोन बोटं नव्हती.

"पत्रा कापायच्या प्रेसवर गेली," ती म्हणाली. "तुम्ही शिकवलं होतं, आधी मशीन बंद, मग हात. तिथे म्हणायचे, बंद करायचं नाही, काम तुंबतं. शिकवलं कोणीच नाही. बघून बघून कर म्हणाले."

मास्तर म्हणाले, "मी घरी यायला हवं होतं गं."

"मी वाट बघत होते, सर. मामाने तुमचं ऐकलं असतं."

ती माझ्याजवळ आली. डाव्या हाताने माझी पाठ थोपटली. आमची बडबडी, आणि एक शब्द नाही! मला रडता येत नाही, मित्रांनो. आलं असतं तर त्या दिवशी रडलो असतो.

आता मास्तर नाहीत, मुलंही फारशी येत नाहीत. उद्या मला भंगारात नेतील, त्याचं मला काही नाही. पण वर्गात तुमच्या शेजारची जागा रिकामी दिसली, तर ती नुसती राखून ठेवू नका. त्याच दिवशी घरी जा, दार वाजवा, भांडा, हाताला धरून परत आणा. ती पोरगी मोठी होईपर्यंत शिकत राहिली असती, तर तिची बोटं आज जागेवर असती.

ओळंबा अजून माझ्या चकमध्येच आहे. तिला तो काढता आला नाही, आणि दुसऱ्या कोणी काढायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे.