एक आणि अर्धा

तळहातावर पितळेचा खिळा. डोकं झिजून चपटं झालेलं, कडेला हिरवट गंज... आणि मग त्याच्या लक्षात आलं की पिशवीत टाकायचं सोडून मघापासून आपण तो नुसताच धरून बसलोय. समोर बुडालेल्या आगबोटीचं पाणी ढकलायचं मोठं चाक, त्याच्या फळ्या गाळात अर्ध्या रुतलेल्या. एरवी असं चाक दिसलं की ऊर भरून यायचा. आज चाक म्हणजे चाक.

सरोवराच्या तळाशी पडलेल्या या जुन्या आगबोटी धुंडाळायच्या, त्यांची मापं घ्यायची – दोघा भावांचं वेड तेच आणि पोटही तेच. तो खाली, दादा वर होडीत दोर धरून. वरून एक हिसका, म्हणजे ‘ठीक ना?’ खालून एक, म्हणजे ‘ठीक.’ उत्तर आलं नाही तर सरळ वर ओढायचं. दादा मात्र एकावर थांबायचाच नाही. एक, आणि लगेच मागून अर्धा. अर्धा कसला रे, असं विचारलं तर म्हणायचा, “एक कामाचा, अर्धा माझा.” ...तोच दादा जेवून उठला, ‘ठीक आहे रे, जरा पडतो’ म्हणाला आणि आडवा झाला तो झालाच.

घर माणसांनी भरलं, रिकामं झालं. याच्या डोळ्यांत टिपूस नाही. “दगड आहे मेला,” आत्या म्हणाली, याला ऐकू जाईल अशा बेतानं. खोटं काय होतं त्यात? कुणीही विचारलं की तोंड आपलं आपण म्हणे, ठीक. रडू यावं म्हणून त्यानं दादाची चप्पलसुद्धा समोर ठेवून पाहिली होती – छे!

आज सकाळी वहिनी होडीत येऊन बसली.

“तुम्हाला जमेल, वहिनी?”

“इतकी वर्षं डबा घेऊन ह्यांच्या शेजारी बसत होते, भाऊजी. डोळे मिटून नव्हते बसत.” तिनं दोर मनगटाला गुंडाळला. “एक सांगते. ठीक नसाल तर ठीक म्हणू नका. घरात एकदा ऐकलं तेवढं पुरे झालं.”

तो हो म्हणाला. हो म्हणायला काय लागतं!

आता इथं खाली दोराला हिसका बसला. सवयीनं हात उत्तराला वर गेला – आणि मागून अर्धा आला.

हात तिथंच राहिला. दादा नाही, वहिनी आहे, तिनं बघून बघून उचललंय, बस्स... सगळं कळत होतं. पण एकाचं उत्तर होतं माझ्याकडे, दादा. अर्ध्याचं कधी दिलंच नाही मी, तूही कधी मागितलं नाहीस... खिळा मुठीत रुतत होता. दुखत होतं. किती दिवसांनी काहीतरी दुखत होतं, आणि नुसत्या मुठीत नाही.

दोर पुन्हा हलला. एक. आणि अर्धा.

आता उत्तर गेलं नाही तर ती ओढणार. त्यानं हात खाली घेतला. ओढू दे.