रांजण, खरकटे आणि तांब्याभर पाणी

मित्रांनो, नाकाला रुमाल लावायचा असेल तर आताच लावून घ्या. मी एक जुना मातीचा रांजण आहे. म्हैसूरच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मी बसलेला असतो आणि माझ्या पोटात घरातला ओला कचरा असतो. मला बघून लोक तोंड वाकडे करतात. करोत बापडे. मला त्यांची किती किळस येते, हे त्यांना अजून कोणी सांगितलेले नाही.

मल्लय्या कुंभाराने मला घडवले ते नाचणीसाठी. या घरच्या नागवेणीअम्मांच्या माहेरी मी वीस वर्षे नाचणी सांभाळली, एका दाण्याला कीड लागू दिली नाही. त्यांच्या आईने शेवटच्या दिवसांत सांगितले, "रांजण माझ्या लेकीला द्या." तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

शहरात आलो आणि माझी रया गेली. पीठ पुड्यांतून येऊ लागले आणि माझ्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या कोंबल्या जाऊ लागल्या. दुधाच्या, भाजीच्या, मिठाईच्या. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी पिशवी. नासक्या दुधाचा आंबूस वास आणि झुरळांची पिलावळ. 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेली एकही पिशवी कधी कोणाला लागली नाही. नऊ वर्षे मला नुसते मळमळत होते.

मग चैत्रा नागवेणीअम्मांची सून म्हणून या घरात आली. ती शाळेत शिकवते. तिने त्या पिशव्या ओढून काढल्या आणि हवा खेळावी म्हणून माझ्या पोटाला भोके पाडली. दुखले, पण मोकळे वाटले. भाजीची देठे, कॉफीचा चोथा, ताटातला उरलेला भात ती माझ्यात घालू लागली.

नागवेणीअम्मांचे डोके फिरले. "माझ्या माहेरच्या रांजणात खरकटं? उद्या देवघरात चपला घालून जाशील."

"अत्ते," चैत्रा सासूला म्हणाली, "दोन-तीन महिन्यांत खत होईल. तुमच्या मोगऱ्याला घालू."

"माझा मोगरा देवाला जातो."

तरी त्यांनी हट्ट धरला नाही. पण भाताचे शीत सांडले की तिथे पाण्याचा हात फिरवायचा, ही त्यांची जन्माची सवय. सून शाळेत गेली की त्या दुपारी येत, तोंड फिरवून तांब्याभर पाणी माझ्यात ओतत आणि शुद्ध झाल्यासारख्या आत जात. रोज. माझ्यातला दहीभात सडला. भोकांतून काळे पाणी झिरपू लागले, आत अळ्या वळवळू लागल्या. सोवळे सांभाळता सांभाळता त्या बाईने माझे गटार करून टाकले.

वरच्या मजल्यावर बसवराजू राहतात. ते इमारतीचे सेक्रेटरी. नाक दाबूनच ते दारात उभे राहिले. "चैत्राम्मा, काल आमचा जावई जेवणावरून उठला. रविवारी कचऱ्याचा टेम्पो येतोय. हे मडकं त्यात गेलं पाहिजे."

नागवेणीअम्मांनी ते ऐकले. आईची म्हणून तेवढी एकच वस्तू त्यांच्याजवळ उरली होती. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चैत्रा शाळेतून लवकर आली, तेव्हा त्या माझ्यात दुसरा तांब्या ओतत होत्या.

"अत्ते, हे काय करताय?"

"धुतेय. एवढी घाण झालीय, एका तांब्यानं काय होतंय?"

"म्हणजे रोज घालता?"

"खरकट्यावर पाणी नको तर काय अत्तर घालू?"

चैत्राने त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला. "पाण्यानंच सडतंय हो ते. त्याला कोरडा पाला लागतो."

नागवेणीअम्मांनी पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात माझ्यात घातला. मी थक्क झालो. मूठ मूठ चिखल त्या बाहेर काढत होत्या. एकदा त्यांना उमासाही आला. "आई गं, काय करून ठेवलं मी तुझ्या रांजणाचं," असे त्या पुटपुटल्या. आवारातला करंजाचा पाचोळा वॉचमन रोज जाळतो, तो त्यांनी टोपलीभर मागून आणला. थोडा पाला, थोडी साले, पुन्हा पाला. शनिवारपर्यंत मी कोरडा झालो आणि माझा वास गेला.

रविवारी बसवराजू आले. एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात टेम्पोत टाकायला घरच्या कचऱ्याची काळी पिशवी. त्यांनी वाकून बघितले आणि रुमाल हळूच खाली घेतला.

"रिकामा केलात वाटतं?"

"भरलाय. हात घालून बघा," नागवेणीअम्मा म्हणाल्या.

ते कसले हात घालतात! "राहू दे मग," म्हणून ते वळले. त्यांच्या पिशवीचा कोपरा फाटला होता. आत भात, सांबार, बाटल्या, सगळा काला. गॅलरीपासून दारापर्यंत पिवळट थेंब पडत गेले आणि पुढे जिन्यावरही. मला शिसारी आली.

मित्रांनो, घाण माझी नसते, ती तुमच्या हातून होते. ताटात लागेल तेवढेच घ्या, प्लॅस्टिक माझ्यापासून लांब ठेवा, मला मूठभर कोरडा पाला द्या. पाणी मात्र नको.

पाण्याचे काय करायचे, ते नागवेणीअम्मांना आता बरोबर कळले आहे. त्यांनी तांब्या भरून घेतला आणि बसवराजूंच्या मागोमाग एकेक पायरी धूत त्या जिना उतरू लागल्या.

"बसवराजू, सावकाश जा. तुमचं खरकटं आवरत येतेय मी."