पाच येन कमी

आमच्या दारावरच्या टपालपेटीला कुलूप आहे आणि किल्ली ह्यांच्या कमरेला. हे निवृत्त हेडमास्तर. शाळा सुटली तरी छडी सुटली नाही. आमची लेक फुमियो नवऱ्याचं घर सोडून नागोयाच्या गिरणीत कामाला लागली, तेव्हापासून तिचं प्रत्येक पत्र हे पेटीतून काढतात, 'घेण्यास नकार' अशी चिठ्ठी चिकटवतात, वर आपला शिक्का मारतात आणि आल्या पावली परत पाठवतात. पत्रं माझ्या नावाची. दोन वर्षं मी नुसती बघत बसले, ह्याची मला माझीच चीड येते.

त्या दुपारी आम्ही जेवत होतो. पोस्टमन कुरामोची पेटीपाशी न थांबता थेट दारात आला.

"वहिनी, नागोयाचं पत्र आहे. तिकीट कमी लावलंय. पैसे घेतल्याशिवाय मला देता येत नाही."

"किती कमी?" हे आतून गरजले.

"पंचवीस ग्रॅमपर्यंत पंधरा येन, गुरुजी. हे जरासं वर गेलंय, म्हणजे वीस हवे होते. पाचाची तूट, दंडासकट दहा."

"कार्टीला साधं वजन करता येत नाही! परत पाठव."

मी हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. वजन करता येत नाही? लग्नाआधी फुमियो चहाच्या दुकानात पुड्या बांधायची. चिमटीत पत्ती घेऊन ग्रॅम सांगायची, आणि काटा तेवढंच दाखवायचा. ती कशी चुकेल? पूर्ण तिकिटाचं पत्र पेटीत पडतं. कमी तिकिटाचं घेऊन माणसाला दारात यावं लागतं, हाक मारावी लागते. शहाणी माझी पोर!

"पत्र कोणाच्या नावाचं आहे, कुरामोची-सान?"

"तुमच्या, वहिनी. शिगेनो ओगुरी."

"मग नको म्हणणारे हे कोण?"

"शिगेनो!"

"ओरडू नका, जेवण गार होतंय तुमचं."

मी दहा येन मोजले आणि उंबऱ्यातच पाकीट फोडलं. आत घडी घातलेले जाड कागद, सगळे कोरे. एकावरच चार ओळी. 'आई, मी बरी आहे. खोली लहान आहे, पण दार मी मला हवं तेव्हा उघडते. कोरे कागद वजन भरायला घातलेत. त्यांच्यावर मला उत्तर लिही.'

मला रडू फुटलं. पुसलं नाही, ह्यांना दिसू दे म्हटलं.

"कुरामोची-सान, दहा मिनिटं बसा. उत्तर घेऊनच जा."

तो ह्यांच्याकडे न बघता पायरीवर टेकला. मी ह्यांच्यासमोरची ताटली बाजूला सरकवली, कागद पसरला आणि लिहायला बसले. कागद एकेक करून भरत गेले. हे मान लांब करून डोकावत होते.

"काय लिहितेस एवढं?"

मी कागदावर हात आडवा धरला.

"वाचायचं असेल तर तिला पत्र टाका. उत्तर तुमच्या नावाने येईल."