नऊ मीटरवर थांबवा

घरात तिला थोरली म्हणत आणि तिच्या भावाला धाकटा. धाकटा पाणबुड्या होता, गोदीच्या दारांना पाण्याखाली जाऊन वेल्डिंग करायचा. खोल पाण्यातून माणूस एकदम वर आला, तर रक्तात मुरलेल्या वायूचे बुडबुडे होतात आणि सांध्यांचं, पाठीच्या कण्याचं, कशाचंही वाटोळं करतात. म्हणून वाटेत कुठे किती मिनिटं थांबायचं, याचा तक्ता लागतो. तो काढणारा सी भाषेतला प्रोग्राम थोरलीनं लिहिला होता. गेलं वर्षभर गोदीचे मुकादम त्यावर डोळे झाकून भिस्त ठेवून होते.

त्या दिवशी अकराच्या सुमारास चाचणीच्या कागदावर एका रकान्यात तिला आकड्याच्या जागी ‘नॅन’ दिसलं. म्हणजे ही संख्याच नाही. असलं उत्तर मोठं बेरकी. एकदा जन्मलं की पुढच्या प्रत्येक गणितात गुपचूप शिरतं, आणि प्रोग्राम जणू काही घडलंच नाही अशा थाटात चालत राहतो. ते जन्मतं कुठे हे बघायला तिनं प्रोग्रामच्या सुरुवातीलाच एक ओळ टाकली: गणित बिनसलं की पुढे जायचं नाही, जागच्या जागी मरायचं.

प्रोग्राम मेला. चुका शोधून देणाऱ्या डिबगरनं ओळ दाखवली. उणे संख्येचा लॉगरिदम काढला जात होता, जो मुळात निघतच नाही.

“सापडलास, लेका,” ती पुटपुटली. आणि मग तिनं खालची ओळ वाचली. थांबण्याची वेळ शून्यापेक्षा मोठी असेल, तरच थांबा छापायचा. नॅन शून्यापेक्षा मोठं असतं का? नाही. लहानही नसतं. कशापेक्षाच काही नसतं. म्हणजे थांबा नाही. सरळ वर या.

हे घडत होतं एकाच दिवशी थोड्या अंतरानं दोनदा बुडी मारली तरच. धाकटा सकाळी डबा भरताना म्हणाला होता, “आज दोनदा उतरायचंय ताई, मध्ये जेमतेम तासभर.”

फोन लावताना नंबर दोनदा चुकला.

“मुकादम, धाकटा कुठेय?”

“पाण्यात. दुसरी फेरी झाली, निघालाय वर. का हो?”

“तक्त्यात थांबे किती?”

“एकही नाही. आज तुमचा तक्ता भलताच उदार झालाय.”

“थांबवा त्याला! आहे तिथे थांबवा. तक्ता चुकलाय.”

पलीकडे मुकादम पाणबुड्याशी बोलायच्या माईकमध्ये ओरडले, “दोरी धर! हलू नकोस!” मग फोनवर, “नऊ मीटरवर आहे. किती वेळ ठेवू?”

तिच्याकडे सांगायला आकडाच नव्हता. ज्याला विचारायचं तो समोर पडद्यावर मरून पडला होता.

“छापील तक्त्यांचं पुस्तक आहे ना? जुनं?”

“टेबल डुगडुगतं म्हणून पायाखाली घातलंय.”

“काढा ते!”

टेबल सरकल्याचा आवाज आला. पानं उलटली गेली. नऊवर सात मिनिटं, सहावर अठरा, तीनवर पन्नास. थोरलीनं फोन ठेवलाच नाही. मुकादमांच्या स्पीकरवरून धाकट्याचा श्वास ऐकू येत होता. तो जरा लांबला की ही फोन कानाशी आणखी दाबायची.

“बोटं हलतात का विचारा.”

“हलतात म्हणतो. गारठलोय म्हणतो. आणि तुम्हाला शिव्या घालतोय.”

“घालू दे,” ती म्हणाली आणि रडू लागली.

सव्वा तासानं तो शिडी चढून आला. धड होता. पण थोरलीची भीती काही ओसरेना. आजची वेळ निभावली, आधीच्यांचं काय? तिनं वर्षभराच्या सगळ्या बुड्या त्या नव्या ओळीसकट पुन्हा चालवल्या. एकेक नीट पार पडली की ती श्वास सोडायची. पुढची सुरू झाली की पुन्हा रोखायची.

प्रोग्राम आणखी एकदाच मेला. आठेक महिन्यांपूर्वीच्या त्या दिवशी माणसं कमी होती आणि मुकादम स्वतः दोनदा उतरले होते.

तिनं पुन्हा फोन लावला. “मुकादम, तुम्हाला काही दुखतं का? सांधा वगैरे?”



“खांदा,” ते म्हणाले. “सात-आठ महिने झाले. वयाचं असेल म्हणून बोललो नाही कुणाला. बाई, तुम्हाला कसं कळलं?”

“तिथेच थांबा,” ती म्हणाली. “मी येते. आपण डॉक्टरांकडे जातोय.”