व्हायोलिनच्या सुरातला सांधा

जपानमधल्या हामामात्सू गावच्या त्या वाद्यांच्या कारखान्यात नागुराच्या कानांचा दरारा होता. काम काय, तर की-बोर्डमधले सूर ऐकत बसायचं. सोपं वाटतं ना? बसून बघा एकदा! त्या काळी चिपमध्ये जागा इतकी तुटपुंजी की खऱ्या व्हायोलिनचा दोन सेकंदांचा आवाज घ्यायचा आणि त्याचं शेपूट त्याच्याच तोंडाला जोडून गोल फिरवत ठेवायचं. वाजवणाऱ्याने पट्टी कितीही वेळ दाबून धरली तरी सूर अखंड वाटला पाहिजे. सांधा नीट बसला नाही की दर फेरीला ‘टक्’ होतं, आणि ते एकदा कानात शिरलं की मेलं दुसरं काही ऐकूच येत नाही. गेली नऊ वर्षं हे सांधे नागुरा तपासत होता.

डिसेंबरातल्या त्या शुक्रवारी तीन वाजता व्हायोलिनची टेप चिप बनवणाऱ्यांकडे जायची होती. चाळीस हजार चिपांवर आवाज एकदा कोरला की पुसता येत नाही. नागुराने सकाळीच तपासणीच्या कागदावर आपला शिक्का मारला होता.

जेवणाच्या सुट्टीत इसोगाईने पट्टीवर टॉर्चचा सेल ठेवला, म्हणजे पट्टी दाबलेली राहते, आणि सूर ऐकत ती डबा खायला बसली. ही बाई दोनच महिन्यांपूर्वी पियानोचे सूर जुळवणाऱ्यांच्या खात्यातून इकडे आली होती.

“नागुरा-सान, जरा ऐकता? वरच्या सुराला काहीतरी टिचतंय.”

नागुरा आला, मान तिरकी करून उभा राहिला. “हीटर असेल तो.”

तिने हीटर बंद केला. “आता बघा. हं... हं... हं...” दर फेरीला ती मान हलवत होती.

नागुराला काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं.

“तुम्हा पियानोवाल्यांना ना, देवळातल्या घंटेतही खोट सापडेल! जेव गुपचूप. भात गार होतोय.”

“चुकलं असेल माझं,” असं म्हणून ती डबा धुवायला गेली. पण तिच्या आवाजात चुकल्याचं काही नव्हतं, आणि ते नागुराला बरोबर कळलं.

ती गेल्यावर त्याने हेडफोन चढवले, आवाज वाढवला, आणखी वाढवला. सूर लोण्यासारखा मऊ. मग त्याला आठवलं, या शरद ऋतूत तो बायकोला म्हणाला होता, ‘यंदा रातकिडे कमी झालेत गं.’ तेव्हा ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली होती. अरे देवा! म्हणजे रातकिडे होते तेवढेच होते?

त्याने तोच आवाज दोन सप्तकं खाली ओढला, म्हणजे कानातून निसटणारा बारीक आवाजही जाडा होऊन ऐकू येतो. सूर जाडा झाला, फेरी चौपट लांबली. आणि मग आलं. टक्. बराच वेळ घरघर, आणि पुन्हा टक्. बावन्नाव्या वर्षी कान गेले म्हणून कळलं तर गोदामात खोकी रचायला बसवतील! कान सोडून त्याला दुसरं येत काय होतं? आणि गप्प राहिलं तर? कुणीतरी पोरगी हौसेने वाद्य घेईल, सूर धरेल, आणि आयुष्यभर टक् टक् ऐकेल.

पावणेतीनला तो खातेप्रमुख तोदोरोकीसमोर उभा राहिला.

“साहेब, व्हायोलिनमध्ये खोट आहे.”

साहेब अठ्ठावन्न वर्षांचे. त्यांनी हेडफोन लावले, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं. “कुठंय? झकास तर आहे! उगाच जीव खाऊ नकोस नागुरा. खाली गाडी येऊन थांबलीय. टेप देऊन टाक.”

सुटलो! खरं सांगायचं तर त्याच्या मनात पहिल्यांदा हेच आलं. साहेबच म्हणताहेत म्हटल्यावर आपण कोण? तो दारापर्यंत गेलासुद्धा. तिथून मागे फिरला.

“साहेब, तुम्हाला ऐकू येत नाही. मलाही येत नाही. म्हणूनच पाठवायची नाही.”

साहेबांच्या कपाळावर आठी चढली. नागुराने सूर खाली ओढून ऐकवला. टक्. आठी हळूहळू उतरली आणि साहेबांचा चेहराच उतरला. त्यांनी फोन उचलून गाडी परत पाठवली.

“कधीपासून हे तुझं?”

“ठाऊक नाही. दोन वर्षं असतील.”

“दोन वर्षांत तुझ्या हातून किती आवाज बाहेर गेले?”

“अकरा.”

साहेबांनी इसोगाईला बोलावलं. बाजारात गेलेले ते अकरा आवाज नागुराने तिच्यासमोर एकेक करून लावायला घेतले. साहेब त्यांच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले.

बासरी. तिने पाच फेऱ्या ऐकल्या. “स्वच्छ.”

सेलो. पुन्हा पाच फेऱ्या. “स्वच्छ.”

नागुराच्या जिवात जीव आला. त्याने तिसरा लावला, कोरसचा.

“हाही स्वच्छ,” इसोगाई लगेच म्हणाली.

नागुराने तिच्याकडे पाहिलं. कोरसची जेमतेम पहिली फेरी पुरी झाली होती, पाच नव्हे. तिची नजर जमिनीला खिळली होती आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“इसोगाई-सान,” तो म्हणाला, “मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नका. या खात्यात आता तुमचाच कान उरलाय.”